नॅनच्या मांडीवरची जागा

धुण्याच्या मशीनने टक् करून झाकण सोडलं आणि मी ब्रश हवेतच धरून थांबले. आतल्या खोलीत माझी लेक मेरेआना कुशीवर वळली, पण उठली नाही. ओले कपडे तसेच राहू दिले. ती झोपते तेवढाच वेळ माझा.

समोर कॅनव्हासवर नॅन होती, माझी आजी मातेरोआ. पुढच्या महिन्यात आमच्या रीतीप्रमाणे तिच्या थडग्याच्या दगडावरचं वस्त्र उतरवायचं होतं, आणि त्याच दिवशी हे चित्र मराएवर, म्हणजे आमच्या कुळाच्या आवारात, पूर्वजांच्या घरातल्या भिंतीवर आजोबांच्या चित्राशेजारी लागणार होतं. नुसतं तिच्यासारखं दिसून भागणार नव्हतं. त्या भिंतीशी आमची माणसं बोलतात, तिच्यापुढे रडतात. तिथे नॅनच हवी.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी कोळशाने पुष्कळ रेखाटनं केली होती. बहुतेकांत ती चित्रासाठी बसलेल्या बाईसारखी बसली आहे, हात जुळवून, ओठ मिटून. एकातच ती स्वतः आहे. मेरेआना मांडीवर झोपलेली, नॅन खाली तिच्याकडे बघतेय, आणि हनुवटीवरचं गोंदण हसण्याच्या बेतात जरासं वर चढलंय. तेच निवडलं. त्यावर चौकटी आखल्या, कॅनव्हासवर तितक्याच, पण मोठ्या चौकटी, आणि एकेक घर करत नॅनला वाढवत नेलं. मग पातळ तपकिरी रंगाने सावल्या, त्यांवर कातडीचे रंग. मेरेआनाचं तोंड नॅनच्या कुशीत होतं. दिसत होते ते मागचे केस.

नॅनचा थोरला मुलगा, रोपाटाकाका, दारात बूट काढून आत आला. आधी हनुवटीवर घसरला. इतकी नाजूक कधी होती ती, म्हणाला, अर्धं खोरं त्या हनुवटीला घाबरून असायचं. मग वाकून मांडीवरच्या केसांकडे बघू लागला.

"पोरी, हे डोकं कुणाचं?"

"चेहरा नाही दाखवलाय, काका."

"आईला पाठमोरी लेक ओळखू येत नाही होय?"

त्या भिंतीवर जिवंत माणूस लावत नाहीत, हे मला मेरेआनाएवढी होते तेव्हापासून ठाऊक आहे. जोडप्याचा फोटोही दुसरं माणूस जाईपर्यंत घरीच थांबतो. चेहरा झाकला की चालेल, असं मी मनाला समजावलं होतं. ती नजर हातची जाऊ द्यायची नव्हती ना.

आधी कागदावरच करून पाहिलं. या चेहऱ्याखाली दुसऱ्या रेखाटनातले जुळवलेले हात लावले, तर नॅन प्रार्थना करत असल्यासारखी दिसू लागली. डोळे वर उचलले, तर कुणी परकी बाई झाली. शेवटी ठरवलं, नजर तीच, हातांचा वेढाही तोच. लेक तेवढी पुसून टाकायची.

रंग अजून ओला होता. केस सुरीने खरवडले, उरलेले चिंधीने पुसले. मध्येच आत जाऊन झोपलेल्या मेरेआनाच्या डोक्यावरून हात फिरवून आले. मग नॅनचं घोंगडं खुर्चीवर टाकून त्याच्या घड्यांची नवी रेखाटनं केली आणि त्या घड्या मोकळ्या जागेत रंगवल्या. मांडीवरचा खळगा मात्र बुजवला नाही.

काही दिवसांनी काका पुन्हा आला. टोपी काढून चित्रापुढे उभा राहिला.

"चल, आई," तो म्हणाला. मला नव्हे, तिला.

तेवढ्यात मेरेआना डोळे चोळत बाहेर आली. चित्रात स्वतःला शोधू लागली. मी कुठे गेले, म्हणाली. मी तिला उचलून घेतलं आणि सांगितलं, की जी माणसं आपल्याला सोडून गेली तीच त्या भिंतीवर बसतात, जिवंत माणसं नाही बसत.

तिने ते नीट ऐकून घेतलं. घोंगड्याच्या खळग्याकडे बोट केलं.

"मग मी परत नॅनच्या मांडीवर कधी बसणार?"