खालच्या पट्टीतलं गाणं

मी तोंडाची फटकळ आहे हे मला मान्य आहे. पण माणूस व्हॉट्सॲपवरसुद्धा फटकळ असू शकतो, हे मला त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कळलं.

झालं असं, की आमच्या मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्ष परेशनं संक्रांतीच्या कार्यक्रमाची पत्रिका टाकली. तिळगूळ, हळदीकुंकू, मुलांचे नाच, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, 'माजी गायक श्री. सूर्यकांत यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.'

माजी गायक! सूर्यकांत म्हणजे माझा नवरा. वय चौपन्न, दुबईत एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत एस्टिमेटर, राहायला शारजात, अल नहदामध्ये. आणि चौदा वर्षं मंडळाच्या गणपतीत नाट्यपदं गाणारा एकटा माणूस. काळी चारमध्ये गायचा. ज्यांना पेटीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, एवढ्या वरच्या पट्टीत पुरुषाचा आवाज लागला की लोक एकमेकांकडे बघतात.

मागच्या जानेवारीत त्याचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण गळ्यातली एक बारीक नस दुखावली. असं कधीकधी होतं, डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं, चूक कुणाचीच नव्हती. बोलणं दोन महिन्यांत ताळ्यावर आलं. वरचे सूर मात्र गेले ते गेलेच. पेटी कपाटावर गेली आणि घरातलं गुणगुणणंसुद्धा बंद झालं. मंडळातले लोक भेटले की आजाऱ्याच्या खोलीत आल्यासारखे हळू बोलायचे. "कसं वाटतंय आता?" हाही तितक्याच हळू म्हणायचा, "ठीक." मला त्या 'ठीक'चा असा राग यायचा की विचारू नका.

पण तो माजी नव्हता. हे फक्त मला, आमच्या लेकीला आभाला आणि उम्म अल कुवैनमधल्या यहयाला माहीत होतं.

यहया इथलाच, एमिराती. तरुणपणी अमेरिकेत ओक्लाहोमाला शिकायला गेला आणि येताना डिग्रीबरोबर तिकडच्या गुराख्यांची, काउबॉय लोकांची गाणी घेऊन आला. डिग्रीचं पुढे काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही. इंडस्ट्रियल एरियात त्याच्या वडिलांची होड्या दुरुस्त करायची शेड आहे. तिच्यात चाळीस खुर्च्या, एक माइक, कोपऱ्यात करक चहाचा थर्मास. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यावर काउबॉय हॅट घालून यहया गिटार वाजवत गातो. कोणी पाहुणा गायक आला तर त्यालाही गाऊ देतो. नियम एकच, गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही.

सूर्यकांत तिथे गेला होता एसी किती टनाचा लागेल ते मोजायला. मेजरिंग टेप हातात धरून दोन तास ऐकत उभा राहिला. यहयानं त्याला हिंदीत समजावलं, "सूर्या भाई, ये गाना आदमी के लिए नहीं, गाय के लिए है. हजार गाय सोया है, काउबॉय चक्कर मारता है, धीरे धीरे गाता है. आवाज ऊपर गया तो गाय उठेगा, भागेगा, खलास." सूर्यकांतनं घरी येऊन मला हे सांगितलं आणि हसला. सात महिन्यांनी हसला होता. पुढच्या शनिवारी त्यानं 'साइटवर जातो' म्हटलं तेव्हा मी काही विचारलं नाही.

पेटीवर फिरणारी बोटं गिटारवर लवकर रुळली. या गाण्यांना तीन-चार कॉर्ड पुरतात म्हणे. नोव्हेंबरपासून तो कार्यक्रमाच्या शेवटी एखादं गाणं म्हणू लागला. समोर कोण, तर तीन फिलिपिनो नर्सेस, एक म्हातारं ब्रिटिश जोडपं, पेशावरचे दोन ट्रकवाले. सगळे अनोळखी, त्यामुळे हा निवांत. आणि या शनिवारी यहयानं त्याला मध्यंतराआधी दोन गाणी दिली होती. दारावरच्या फळ्यावर खडूनं नाव लिहिणार होता.

"मंडळात कुणाला बोलू नकोस," सूर्यकांत मला म्हणाला होता. "त्यांनी मला काळी चारमध्ये ऐकलंय. त्यांच्यापुढे मी आता गाणार नाही. कधीच नाही."

आणि मी बुधवारी ग्रुपवर काय लिहिलं? 'माजी नाहीत, आजी आहेत. शनिवारी पाच वाजता या आणि कानांनी ऐका.' खाली शेडचं लोकेशन.

आभानं ते वाचून डोक्याला हात लावला. "मॉम. यू डिड नॉट."

"डिलीट करू का?"

"एटीन पीपल हॅव सीन इट."

सूर्यकांत ग्रुप बघत नसे, 'माजी गायक' त्यानं वाचलंच नव्हतं. मी त्याला काही सांगितलं नाही. शारजातून एवढ्या लांब, शनिवारच्या ट्रॅफिकमधून कोण येतंय, अशी मी माझी समजूत घातली. भित्र्या माणसाची समजूत लगेच पटते.

अकरा जण आले. तीन गाड्यांतून, तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन. परेशच्या हातात शाल आणि नारळ होता, दोन्ही मी दारातच त्याला गाडीत ठेवायला लावलं. परेशच्या मागून त्याची आई आली, मुक्ताबाई. रत्नागिरीत चाळीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेतलेली बाई, वय चौऱ्याहत्तर. काठी टेकत पुढे गेल्या आणि थेट पहिल्या रांगेत बसल्या.

सूर्यकांत स्टेजवर तारा जुळवत होता. त्यानं मान वर केली आणि आपली माणसं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण त्या नजरेनं मला पहिल्यांदा लाज वाटली.

तो उठून जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. त्यानं त्याहून वाईट केलं. खिशातून कॅपो काढला. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, जितका वर लावाल तितकी पट्टी चढते. एरवी इथे तो हा चिमटा न लावताच गायचा, त्याचा आवाज तिथेच राहायचा आता. त्या दिवशी मात्र त्यानं तो चौथ्या घरात लावला. यहयाच्या भुवया हॅटच्या आत गेल्या. परक्यांपुढे माणूस आहे त्या आवाजात गातो आणि आपल्यांपुढे होता त्या आवाजात गायला जातो. अशी चूक करावी तर आमच्याच माणसानं.

गाणं यहयानंच लिहिलेलं होतं, इंग्रजीत. नदीला पूर आलाय, गुरं अलीकडच्या काठावर आहेत आणि घोड्यावरचा गुराखी त्यांना सांगतोय की घाई नाही, पाणी उतरेल, आपण थांबू. सूर्यकांतनं ते ओढूनताणून, शिरा ताणून, कसंबसं शेवटाला नेलं. आवाज फाटला नाही एवढंच. माझ्या पदराचा पीळ मी सोडला तेव्हा बोटं लाल झाली होती.

टाळ्या झाल्या. संपलं म्हणून मी श्वास घेतला, तोच मागून परेशचा खणखणीत आवाज आला, "वन्समोर!"

मग मागच्या सगळ्यांनी ते उचललं. "वन्समोर! वन्समोर!" बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. नाट्यपद रंगलं की हे द्यायचं आणि गायकानं तेच पद पुन्हा म्हणायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. फिलिपिनो नर्सेस वळून बघू लागल्या. यहयानं सूर्यकांतकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. पण चौदा वर्षं गणपतीत ज्यानं एकही वन्समोर परत पाठवला नाही, तो आज कसा पाठवणार? त्यानं पुन्हा सुरू केलं, त्याच पट्टीत.

दुसऱ्या कडव्यात, पूर चढतो त्या ओळीवर, आवाज गेला. फाटला नाही, नुसता गेला. तोंड उघडं आणि सूर नाही. गिटार दोन मात्रा चालली आणि थांबली.

शेडमध्ये एसीचा आवाज तेवढा राहिला. तो एसीही त्यानंच मोजून बसवलेला. मला परेशचा गळा धरावासा वाटला आणि मग माझा स्वतःचा. मागे कुणीतरी धीर द्यायला टाळ्या सुरू केल्या, तशा मुक्ताबाईंनी मागे न बघता हात वर केला. टाळ्या थांबल्या.

सूर्यकांत खाली बघत उभा होता. मग त्यानं गिटारवरचा चिमटा काढला, खिशात टाकला आणि माइकवर मराठीत म्हणाला, "माझा आवाज आता तिथे जात नाही. खालच्या पट्टीत घेतो."

वर्षभरात हे वाक्य त्यानं मलासुद्धा म्हटलं नव्हतं. मीही त्याला कधी म्हणू दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये मी त्याची जुनी रेकॉर्डिंग ऐकायचे, रोज, आणि गाडीतून उतरण्याआधी डोळे पुसायचे. ते त्याला ठाऊक असणार. मला तो आवाज परत हवा होता, आणि मी घरभर त्याची वाट बघत होते. असल्या घरात माणूस गुणगुणणार तरी कसा?

त्यानं पहिल्यापासून सुरू केलं. आवाज खालचा, जरा खरखरीत, जवळजवळ बोलल्यासारखा. त्यात एकही तान नव्हती. पूर चढायच्या ओळीवर तो चढला नाही, उलट आणखी खाली उतरला, आणि मला पहिल्यांदा त्या गाण्यातलं पाणी दिसलं. हा आवाज मी ओळखत नव्हते. पण तो ऐकताना मला जुन्याची आठवण आली नाही, एकदाही नाही. पेशावरचा एक ट्रकवाला डोळे मिटून मान हलवत होता. आभानं माझा हात कधी धरला ते मला कळलं नाही.

गाणं संपलं. या वेळी कुणी वन्समोर दिला नाही. टाळ्यासुद्धा जरा उशिरानं आल्या, आणि थांबेनात. दुसरं गाणं त्यानं चिमट्याशिवायच, आरामात म्हटलं.

सहा वाजता चहाला मध्यंतर झालं. मंडळाची माणसं त्याच्याभोवती जमली. "छान झालं हो," "काळजी घ्या हं," परेशचं आपलं "ग्रेट, ग्रेट." तो सगळ्यांना मान डोलवून थँक्यू म्हणत होता, चेहरा पुन्हा त्या 'ठीक'कडे निघालेला. मी घाबरले.

तेवढ्यात मुक्ताबाई काठी टेकत आल्या. लोक बाजूला झाले.

"सूर्यकांत, तिसऱ्या कडव्यात श्वास कुठे घेतलास?"

तो गोंधळला. "कुठे म्हणजे?"

"नदीचं नाव घेतलंस आणि मध्येच श्वास घेतलास. ओळ तुटली. आवाज खाली आलाय तर श्वास जास्त लागतो, आधीच भरून घ्यायला हवा होतास. आणि 'र' इतका वाजवू नकोस, तबला नाहीये तिथे."

परेश घाईघाईनं म्हणाला, "आई, अगं, आज नको. त्याला जरा..."

"का नको? गातोय ना तो?"

वर्षभर सगळे त्याला सांभाळून घेत होते, मी धरून. त्याच्या गाण्यातली चूक काढायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मी सूर्यकांतच्या तोंडाकडे बघितलं. कान लाल झाले होते. गणपतीच्या तालमीत पेटीवाल्याशी वाजलं की व्हायचे, तसेच.

"श्वास मी मुद्दाम तिथे घेतला, मुक्ताबाई," तो म्हणाला. आवाज अजिबात हळू नव्हता. "घोडा थांबतो तिथे. त्या जागी ओळ तुटायलाच हवी."

"काही नाही तसं. म्हणून दाखव बरं."

चहाचा कप त्यानं माझ्या हातात दिला आणि भांडायला उभा राहिला.