आठ महिने राहिलेलं उत्तर

धनलक्ष्मीचं पत्र आठ महिने माझ्या पुस्तकात खुणेसारखं पडून होतं. ही माझी भाची, अक्कलकोटला शिक्षिका. मी फोनवर अडखळतो, म्हणून ती पत्रच लिहिते. "मामा, शाळेत गिटार शिकवायचीय. टॅबसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? तुम्ही शिकताय, तुम्हीच सांगा."

सत्तरीत गिटार धरलेला मी काय सांगणार? तरी तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. टॅब म्हणजे सहा तारांच्या सहा रेघा आणि बोट कुठे दाबायचं ते सांगणारे आकडे. सगळ्यात बारीक तार कागदावर वर असते, हातात मात्र खाली. नवखे तिथेच गोंधळतात. मी गोंधळलो नाही. चाळीस वर्षं मी चादरींचे नक्षे ग्राफवर काढले. आमच्या मागावर चादरीची सुलट बाजू खाली असायची, त्यामुळे उलटं वाचायची डोळ्यांना सवय होती.

पहिली दोन सॉफ्टवेअर दिसायला देखणी, पण गाणं सुरू झालं की पळत सुटायची. तिसऱ्यात हवा तेवढाच तुकडा निवडून, वेग निम्मा करून, पुन्हा पुन्हा वाजवता येई. नक्षाही आम्ही असाच चार-चार ओळींनी तपासायचो. काल अख्खं गाणं न चुकता वाजलं.

स्वयंपाकघरातून माझी बायको चंद्रव्वा बाहेर आली. "अहो, हे तुमीच वाजवलं व्हय?"

"हो."

"मग पोरीला कळवा की! एवढ्या दिवसांत शंभर चादरी झाल्या असत्या."

लगेच लिहायला बसलो. तिन्ही सॉफ्टवेअरची नावं ओळीनं लिहिली आणि खाली लिहिलं, 'बहुधा तिसरं घे. मी त्यावर शिकलो.' पोस्टाच्या पेटीपाशी पुन्हा वाचलं, 'बहुधा' खोडलं आणि पत्र आत टाकलं.