ऍस्टरचा डोस

कंपाउंडरने ऍस्टरचा शेंडा दोन बोटांत धरून हलकेच वाकवला आणि कळी शोधली. कळी नव्हती. शेजारचं झाड पाहिलं, त्याच्या पलीकडचं पाहिलं. पानं मात्र अशी माजली होती की विचारू नका. रुंद, काळपट हिरवी आणि हाताला मऊ. दांडे उंच वाढून स्वतःचंच वजन न पेलल्यामुळे एकमेकांच्या अंगावर पडले होते. खालच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. मागच्या ओळीतल्या शेवंतीचीही तीच गत होती. हवेत गारवा आला की बाकीच्यांच्या बागा आटोपतात आणि ह्यांची सुरू होते, असं गल्लीतले लोक म्हणायचे. यंदा सुरू व्हायचं काही लक्षण दिसत नव्हतं.

हे काय झालंय ते कळायला त्याला वेळ लागला नाही. उभा जन्म दवाखान्याच्या खिडकीमागे पुड्या बांधण्यात आणि बाटल्यांवर डोसाच्या खुणा चिकटवण्यात गेला होता. डॉक्टर चुकले असतील, त्याची पुडी कधी चुकली नव्हती, आणि हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचाही. डोस जास्त झालेला माणूस त्याला दारातून आत येतानाच ओळखू यायचा. झाड तर बोलूनचालून झाड, त्याला लपवाछपवी येत नाही. ह्या ऍस्टरना कुणीतरी खत घातलं होतं, तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

"काय म्हणतायत?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारलं.

"म्हणतायत, बरंय."

"कळ्या?"

"येतील गं. त्यांना काय गाडी पकडायचीय?"

तिने खिडकी ओढून घेतली आणि आत गेली.

बाग तिची. त्याचं काम सांगेल ते उचलायचं आणि सांगेल तिथे ठेवायचं. ऍस्टरच्या बाबतीत तर तिचा कायदा कडक होता. वसंतात पालवी फुटली की बुंध्यापासून थोडं लांब, गोल कडं काढून एक सपाट चमचा दाणेदार खत. कळी धरायच्या सुमाराला, वाटलंच तर आणखी अर्धा. पुढे हात आवरायचा. "ह्यांना जरा भुकेलं ठेवलं की फुलतात," ती म्हणायची. "लाड केले की नुसतं अंग धरतात आणि कामाच्या नावानं शून्य. अगदी तुमच्या धाकट्या भावासारखी."

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिला उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून चमचा त्याच्याकडे आला. त्याला ते काम मनापासून आवडे. वरचं खत बोटाने सारून सपाट केल्याशिवाय त्याचा चमचा डब्याबाहेर यायचा नाही. यंदाही पालवीच्या वेळी त्यानेच खत घातलं होतं. ते त्याला लख्ख आठवत होतं. माती ओली होती, बायको खुर्ची टाकून बाजूला बसली होती आणि समोरच्या घरातल्या भांडणाचा वृत्तांत नावनिशीवार सांगत होती. एकदा घातलं, हात धुतले, संपलं.

मग बाकीचं कुणी घातलं? घरात माणसं दोनच.

हा विचार तो बरेच दिवस टाळत होता. मागे एकदा ती अवजारांच्या खोलीतून हात झटकत बाहेर आली आणि त्याला पाहून दचकली. "खुरपं ठेवायला गेले होते," म्हणाली. खुरपं त्याच्या हातात होतं. आणि त्याच्याही आधी ते दुधाचं पातेलं. मुलगी आली होती, तिघं अंगणात बोलत बसले होते आणि जळका वास आला तेव्हा पातेल्याचं बूड काळं ठिक्कर पडलं होतं. "माझंच लक्ष नव्हतं," बायको घाईघाईने म्हणाली होती. मुलगी पातेलं घासता घासता म्हणाली, "आई, आता पुरे झालं तुमचं दोघांनीच राहणं. असं पुन्हा काही दिसलं ना, तर मी ऐकणार नाही. माझ्याकडे यायचं." मुलीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. गॅलरीत दोन कुंड्या ठेवल्या की माणसाला आडवं होऊन जावं लागे.

ती आज संध्याकाळी यायची होती.

बायको विसरायला लागलीय ह्या विचाराने कंपाउंडर धास्तावला होता. पण तिची बाग जाईल ह्याची भीती त्याहून मोठी होती. त्या गॅलरीत ती दिवसभर काय करणार, हे त्याला नजरेसमोर आणवत नव्हतं. म्हणून त्याने मनाशी पक्कं केलं. मुलीने झाडांचं विचारलं तर सरळ सांगायचं, माझा हात सैल सुटला. आणि आजच डब्यातलं खत काढून त्या जागी रेती भरायची. मग ती कितीदा का घालेना, झाडांना धक्का लागणार नाही आणि तिच्याही मनाला काही लागणार नाही. आयुष्यात दोन-चार पेशंटना त्याने नुसत्या साखरेच्या पुड्या दिल्या होत्या. त्यांना गुणही आला होता.

दुपारी ती आडवी झाली तसा तो चाळलेली रेती घेऊन अवजारांच्या खोलीत गेला. जमिनीवर जुना कागद पसरला, खताच्या डब्याचं झाकण काढलं आणि डबा उपडा केला.

आवाज वेगळा आला. खताचे दाणे एकावर एक पडताना जो हलका खुळखुळ आवाज येतो तो नव्हता, हे जड होतं. त्याने चिमूट घेऊन बोटांत चोळली, नाकाशी नेली. पाण्याच्या भांड्यात टाकली. खत असतं तर विरघळायला लागलं असतं. दाणे तळाला जाऊन बसले आणि पाण्याला तेवढा चहाचा रंग आला.

डब्यात आधीच रेती होती.

त्याला वाटलं, बघा, कुठलं कशात ओततेय हेसुद्धा तिला कळेनासं झालंय. पण तो विचार पुरता होण्याआधीच अडखळला. रेती बारीक चाळलेली होती. खताचा रंग यावा म्हणून ती चहाच्या पाण्यात भिजवून, वाळवून, मोकळी करून भरली होती. खरं खत वरच्या फळीवर, रिकाम्या कुंड्यांच्या मागे पिशवीत होतं, तोंडाला दोरीची दुहेरी गाठ. विसराळू माणसाच्या हातचं हे काम नव्हतं. हे कुणाला तरी फसवण्यासाठी, फार जपून केलेलं काम होतं. आणि कुणाला फसवायचं, तर घरात माणसं दोनच.

तो वाफ्यापाशी गेला आणि पहिल्या ऍस्टरच्या बुंध्याशी पसरलेला पालापाचोळा हाताने बाजूला सारला. खाली तपकिरी रेतीचं कडं होतं. गोल, एकसारखं, बुंध्यापासून बेताचं अंतर राखून. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. आणि सगळ्यात खाली, मातीला चिकटून, खऱ्या खताचे अर्धवट विरलेले दाणे होते, डब्यात रेती यायच्या आधीचे. त्याने पुढच्या झाडाखाली पाहिलं. मग शेवंतीखाली. सगळीकडे तेच. उभ्याने टाकलेलं खत असं पडत नाही. त्यासाठी उकिडवं बसावं लागतं आणि चमचा बोटाने सपाट करावा लागतो.

कंपाउंडर तिथेच मातीत बसला. ही कडी आपण कधी काढली हे आठवायचा त्याने आटोकाट प्रयत्न केला. ओली माती, तिची खुर्ची, समोरच्या घरातलं भांडण एवढंच पुन्हा पुन्हा येत राहिलं. बाकी ठिकाणी काही नव्हतं. पुसल्याची खूणसुद्धा नव्हती. दुधाच्या पातेल्याचंही तसंच. गॅस कुणी लावला होता? वास आठवत होता, तिचं घाईघाईने बोलणं आठवत होतं, आणि त्याच्या मागे सगळं कोरं. त्याने बाजूला सारलेला पालापाचोळा तळहाताने पुन्हा त्या कड्यांवर ओढला.

मग तो उठला. रेती परत डब्यात भरली, झाकण लावलं आणि स्वतः आणलेली रेती कोपऱ्यात ओतून टाकली. हात धुऊन घरात आला तेव्हा बायको उठून बसली होती.

"कुठे होतात?"

"बागेत."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. "चहा टाकते," ती म्हणाली.

मुलगी आली तीच थेट बागेत. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती वाफ्यापाशी थांबली.

"हे काय झालंय गं आई? सगळी लोळतायत. एकही कळी नाही!"

"माझ्याकडून खत जास्त पडलं," बायको खुर्चीतून म्हणाली. किती सहज म्हणाली ती. "एकदा घातलं, मग परत घातलं. राहिलं नाही लक्षात."

मुलीने पर्स खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. ती आईच्या खुर्चीशी बसली आणि लहान मुलाशी बोलावं तशी बोलू लागली. "आई, आपण नीट बोलूया का? मागच्या वेळी दूध, आता हे. मी एका डॉक्टरांशी बोललेय. तुला घेऊन जाते, नुसतं दाखवून येऊ. आणि इथलं आता..."

बायको ऐकून घेत होती. मान हलवत होती. वर्गासमोर उभं केलेल्या मुलीसारखे तिने हात मांडीवर ठेवले होते.

सकाळी ठरवलेलं वाक्य कंपाउंडरच्या तोंडाशी तयारच होतं. सकाळी ते खोटं होतं, म्हणून सोपं होतं.

"तिने नाही घातलं," तो म्हणाला. "मी घातलं."

"अहो, तुम्ही मध्ये कशाला..." बायको वळली. "तुमचं काय, तुम्ही माझ्यावरचं आपलं ओढवून घेणार."

"मी घातलं. किती वेळा, ते मला आठवत नाही."

बायकोची नजर अवजारांच्या खोलीच्या दाराकडे गेली, तिथून त्याच्याकडे आली, आणि त्याला कळलं की तिला कळलंय. इतके महिने पेललेलं ओझं कुणी हातातून घेतलं की माणूस आधी बिचकतो, तसं तिच्या चेहऱ्यावर झालं. डोळे भरून आले तरी तिने ते पुसले नाहीत.

मुलगी दोघांकडे आळीपाळीने पाहत होती.

"बाबा," ती शेवटी म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "हे कधीपासून होतंय?"

कंपाउंडर खुर्चीपाशी गेला आणि बायकोच्या खांद्यावर त्याने हात ठेवला.

"हिला विचार," तो म्हणाला. "हिला माहीत आहे."