आन्लोंग वेंगमधला वगळलेला धडा

कंबोडियातल्या आन्लोंग वेंगच्या शाळेत इतिहासाचा एक धडा दरवर्षी वगळला जायचा, पोल पोतच्या राजवटीचा. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्याच्याच सैन्यातली. उगाच खपली कोण काढणार? नव्याने आलेल्या चान्थूबाईंनी मात्र तो शिकवायला घेतला. त्यांचा मामा शिक्षक होता, आणि शिक्षक होता म्हणूनच त्या राजवटीत त्याला नेऊन मारलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सोरिया वर्गात ताडकन उभी राहिली. "बाई, तुम्ही खोटं शिकवता. आजोबा म्हणतात, आमच्या पुढाऱ्यांनी गावाला रस्ता दिला, दवाखाना दिला."

बाईंच्या जिभेवर आलेलं उत्तर त्यांनी गिळलं. "मग आजोबांनाच घेऊन ये. त्यांनी तो काळ पाहिलाय, मी नाही."

मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला. "बाई, हात दाखवून अवलक्षण करताय!"

सारोमआजोबा आले. सुरुंगात एक पाय गेलेला, गळ्यात चौकड्यांचा पंचा. रस्ता कसा बांधला, ते त्यांनी ऐटीत सांगितलं. मग सोरियानेच विचारलं, "आजोबा, पितृपंधरवड्यात आजी कुणाच्या नावाने भात ठेवते?"

"माझ्या बहिणीच्या."

"ती कशानं गेली?"

"भुकेपोटी मूठभर भात घेतला होता पोरीनं. त्यासाठी नेली." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "मी लांब, आघाडीवर होतो. मला महिन्याने कळलं."

बाईंनी मनात किती दिवस भांडण रचून ठेवलं होतं. आता त्यातलं एक वाक्यही आठवेना. "माझ्या मामालाही असंच नेलं," त्या हळूच म्हणाल्या.

"नाव काय त्यांचं?"

या गावात हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. "बोरित."

आजोबांनी कुबडी काखेत दाबली आणि दोन्ही हात जोडले. "यंदा त्यांच्याही नावाने भात ठेवू, बाई. पण रस्ता आम्हीच बांधला, तेही शिकवा."

"शिकवीन की. दोन्ही शिकवीन."

पुढच्या आठवड्यात आणखी एका मुलाने आपली आजी आणली. ती पुढाऱ्यांची बाजू घेऊन बाईंशी कडाकडा भांडली. पण त्याच्या पुढच्या तासालाही आली, आणि येताना शेजारणीला घेऊन आली.