बाळंतं

एमाने काठाला दाताने चीर पाडली आणि कापड उभं फाडलं. सूत जुनं होतं, आवाज फारसा झाला नाही. तरीही तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. गावठाणाच्या क्रुसापाशी अँब्रोज नाताळच्या गोठ्याच्या बांबूंवर हातोडी मारत होता. हातोडी थांबली नव्हती.

"मम्मी, हे बाळ येशूचं ना?" दारातल्या लिओनेलने विचारलं. त्याने चपलाही काढल्या नव्हत्या.

"इस्पितळातल्या सिस्टर काय बोलल्या तुला?"

"जुनं सुती पाहिजे. धुवून धुवून मऊ झालेलं. मी दुकानातलं घेऊन गेलेलो ते परत दिलं त्यांनी. बोलल्या, कातडी सोलून निघेल तिची."

"मग घरात दुसरं काय आहे? माझे गाऊन बघ, हात लावला तरी चरचरतात." एमाने कापडाचे चार तुकडे केले आणि स्वच्छ पिशवीत भरले. "सगळे घेऊन जा. ओले झाले की बदलायला लागतील."

"बाबांना सांगायचं?"

"तू निघ. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलास तर दुपार तिथेच जाईल."

तो गेला. ओट्यावर पत्र्याचा रिकामा डबा उघडा पडला होता. एमाने झाकण लावलं आणि डबा कपाटात होता तिथेच ठेवला.

लिओनेलची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली होती. सून सेरेना इस्पितळातच राहत होती, आणि पोर काचेच्या पेटीत. नाकात नळी, तोंडात नळी. आज पहिल्यांदा नळी काढून तोंडाने दूध देऊन बघणार होते. पोटात टिकलं तर पुढचं बोलू, असं डॉक्टर म्हणाले होते. टिकलं नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

अँब्रोज एकदाच इस्पितळात गेला होता. काचेतून त्याने नात पाहिली आणि कुणाशी न बोलता जिना उतरला. त्यानंतर तो गोठ्याला लागला. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून राबलेला माणूस. त्याचा गोठा दरवर्षीच नीटस असायचा. यंदा मात्र त्याने उभं केलेलं छप्पर दोनदा उतरवलं होतं, मेंढपाळांच्या मूर्तींवरचे टवके रंगवले होते, गोठ्यातल्या हिरवळीसाठी परातीत पेरलेली नाचणी पिवळी पडली म्हणून पुन्हा पेरली होती. एमा जेवायला बोलवायला गेली की एकच उत्तर.

"यंदा काही चुकायला नको."

त्याने हा सौदा कुणाशी मांडला आहे, हे तिने विचारलं नव्हतं. ते तिला कळत होतं.

आणि ते कापड अँब्रोजच्या आईच्या लुगड्याचं होतं. तांबडी चौकडी उडून आता नुसती छटा उरली होती. बाळ येशूची मूर्ती त्यांच्या घराकडे होती, म्हणून गुंडाळायचं कापडही त्यांचंच. नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची, मग बाळ गुंडाळून ठेवायचं, आणि जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत ते कापड कुणी उलगडायचं नाही. अँब्रोजच्या आजोबांपासून ही रीत.

चहा घेऊन एमा बाहेर गेली तेव्हा गोविंदा पाटील टेम्पोतून पेंढा उतरवून घेत होता. गावातलं उरलेलं एकमेव भातशेत त्याचं, आणि गोठ्याचा पेंढा दरवर्षी त्याच्याकडूनच यायचा.

"घे अँब्रोजशेठ. पुढच्या वर्षी पेंढा पाहिजे तर बिल्डरकडे अर्ज कर. विसाव्या मजल्यावर पिकवून देईल."

"दरवर्षी हेच बोलतोस," अँब्रोज म्हणाला.

"या वर्षी खरं आहे." गोविंदाने कप घेतला. "वैनी, नातीचं काय?"

"आज दूध देतील."

"मग झालं. पोटात दूध गेलं की पोर आपली." त्याने पेंढ्यात मनगटापर्यंत हात घातला. "हात घालून बघा. आतून कसा गरम आहे."

अँब्रोजने हात घातला नाही. तो पेंढ्यातल्या काड्या निवडत होता. काळ्या पडलेल्या बाजूला, सोनेरी गव्हाणीत.

"आयचं कापड धुतलंस ना?" त्याने मान वर न करता विचारलं.

"धुतलेलं." हे खरंच होतं. रिकामा कप घेऊन ती घरात आली आणि नळाखाली तो विसळू लागली. आज संध्याकाळी चर्चमधल्या मिस्सेत वाचला जाणारा उतारा तिला लहानपणापासून पाठ होता. त्यात देवदूत नंतर येतात, मेंढपाळ नंतर येतात. आधी त्याची आई त्याला बाळंत्यात गुंडाळते. या ओळीवर कुणा फादरने प्रवचन दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

दुपारभर लिओनेलचा फोन लागला नाही.

दिवे लागायच्या सुमारास अँब्रोज आंघोळ करून, पांढरा सदरा घालून कपाटापाशी गेला. मिस्सेआधी बाळाला ठेवायचं म्हणून क्रुसापाशी माणसं जमू लागली होती. बायकांचं गाणं खिडकीतून आत येत होतं. त्याने आधी मूर्ती काढली, मग डबा. झाकण उघडलं आणि डबा दिव्याखाली धरला.

"कुठंय?"

"बाळाकडे," एमा म्हणाली. "आपल्या बाळाकडे. सिस्टरनी मऊ कापड मागितलं."

"सगळं?"

"चार तुकडे केले."

"फाडलंस?"

अँब्रोज खाटेच्या कडेवर बसला. डबा त्याच्या मांडीवर होता आणि बोटं डब्याच्या तळावरून फिरत होती.

"आजच?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि एमाला त्याचीच भीती वाटली. "मी बोललो होतो ना तुला, यंदा काही चुकायला नको. एक गोष्ट, एमा. तुझ्याकडे एकच गोष्ट होती."

"तिची कातडी सोलत होती."

"आणि आता काही झालं म्हणजे?"

"झालं तर ते मऊ कापडात होईल."

बोलल्यावर तिने तोंडावर हात धरला. बाहेर गाणं संपलं. कुणीतरी हाक मारली, "अँब्रोज, फादर आले."

तो उठला. उघडी मूर्ती त्याने तशीच दोन्ही हातांत घेतली, छातीशी धरली आणि बाहेर पडला. एमा मागून चालली. माणसांनी वाट दिली. कापड नाही हे सगळ्यांच्या ध्यानात आलं, पण कुणी विचारलं नाही. गव्हाणीपुढे अँब्रोज थांबला. वाकला नाही. फादरनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

मागे बाइकचा आवाज झाला. हेल्मेट काखेत धरून लिओनेल गर्दीतून आला. त्याच्या दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. एमाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं. तिने पिशवी घेतली.

"धुवायला दिलंय," लिओनेल म्हणाला. त्याला धाप लागली होती. "बाकीचे तिच्याकडेच आहेत. फोन आत घेऊ देत नाहीत, मग बॅटरी गेली. मी येतच होतो."

एमाने पिशवी उघडली आणि ओळखीचा आंबूस वास आला. तांबड्या चौकडीवर ओलसर पांढरट डाग पसरला होता.

"दूध?"

"दोन चमचे घेतले तिने. थोडं ओकली."

"ओकली?" अँब्रोज वळला.

"थोडंसंच, बाबा. बाकीचं टिकलं. सिस्टर हसल्या. बोलल्या, ओकायला लागली म्हणजे बाळासारखी वागायला लागली."

एमा कोपऱ्यातल्या नळाकडे निघाली. अँब्रोजने तिच्या हातातून तुकडा घेतला. नाकाशी नेला, जरा वेळ तसाच धरला. मग खाली बसला, मूर्ती गुडघ्यावर ठेवली आणि गुंडाळू लागला. तुकडा आखूड होता. पाय उघडे राहिले.

"अरे, डाग आहे त्याला," मागून एक म्हातारी म्हणाली.

"असू दे."

त्याने बाळाला गव्हाणीत ठेवलं, डागाची बाजू वर. उघड्या पायांवर पेंढा ओढला. त्यात एक काळी काडी आली. ती त्याने काढली नाही. फादरनी प्रार्थना सुरू केली, माणसं गुडघ्यांवर बसली. अँब्रोजचा हात पेंढ्यात मनगटापर्यंत तसाच राहिला होता.

प्रार्थना संपल्यावर तो लिओनेलजवळ सरकला.

"हे कापड परत लागेल तिला?"

"लागेल ना. धुवून."

"सकाळी काढतो मग. मी धुतो."

"काढतो?" एमा म्हणाली. "आणि ह्याला?"

"पेंढा आहे की." त्याने सदऱ्याच्या बाहीवरची काडी झटकली. "लिओनेल, सकाळी आत किती वाजता सोडतात?"