वाट्याचं ऑपरेशन

"रेशनकार्ड आणलंय का?" जिल्हा रुग्णालयात सरकारी योजनेच्या टेबलावर बसलेल्या दमयंतीताईंनी विचारलं.

"नाय," माझ्या सासूबाई म्हणाल्या. "आमी पैसे भरू."

कार्ड त्यांच्या काखेतल्या पिशवीत होतं. सकाळी पूर्णगडहून निघताना मीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं होतं. माझी वेदिका, तीन वर्षांची, माझ्या खांद्यावर झोपली होती. तिच्या हृदयाला भोक आहे, हे अंगणवाडीतल्या तपासणीत कळलं. ऑपरेशन मुंबईच्या एका खासगी हॉस्पिटलात व्हायचं. कार्ड दाखवलं तर खर्च सरकारचा, नाहीतर आमचा. आमचा म्हणजे माझ्या नवऱ्याची, रूपेशची, होडी विकायची. सासूबाईंनी नाटे गावचं एक गिऱ्हाईक बघूनही ठेवलं होतं.

मी त्यांना बाहेर बाकावर नेलं.

"आई, कार्ड का लपवलंत?"

"चाळीस वर्षं मासळी इकलीय गो मी. फुकट काय देतात ते मला नको सांगू. संध्याकाळी जी उतरते, वास मारायला लागते, ती फुकट वाटून टाकायची. माज्या नातीच्या काळजाला उतरलेला माल नको."

तीच भीती मलाही होती. मग मी पुन्हा टेबलाशी गेले आणि सरळ विचारलं, "योजनेतल्या पोरांना डॉक्टर वेगळा असतो का?"

"डॉक्टर तोच, ऑपरेशनचं टेबलही तेच," दमयंतीताई म्हणाल्या. "तारीख वेगळी. पैसे भरलेत तर पुढच्या आठवड्यात. योजनेत दीड महिना."

"तेवढी थांबेल ही?"

त्यांनी कागद पाहिला. "डॉक्टरांनी तीन महिन्यांत करा म्हटलंय. थांबेल. मधे ताप आला तर मात्र लगेच यायचं."

बाकावर येऊन मी सगळं सांगितलं.

"मग त्या डाक्तरला पैसे कोण देतं?"

"सरकार."

"नि सरकारला?"

"तुम्ही, आई. साबण घेता, चपला घेता, रूपेश होडीत डिझेल भरतो. सगळ्यातून थोडं थोडं जातं."

"माज्या चपलेत पोरीचं ऑपरेशन? खुळी काय तू?"

"मामंजी वारले त्या वर्षी रापणीतला त्यांचा वाटा घरी येत होता ना?" रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. "दोरी ओढायला तर आपल्याकडचं कोणी नव्हतं. तो वाटा फुकट होता?"

"फुकट कसा?" सासूबाई कडाडल्या. "जन्मभर दोरी ओढली माणसान! हक्काचा होता तो..."

बोलता बोलता त्यांचा हात काखेतल्या पिशवीवर गेला. मग म्हणाल्या, "रापणीत वाटा कमी पडला तर आमी वाळूत उभं राहून भांडायचो. हितं कोण भांडतं?"

मी वेदिकाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

त्या उठल्या. टेबलावर कार्ड ठेवलं. दमयंतीताईंनी एकदा कार्डाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि वही उघडली.

"आमच्या पुढं किती पोरं हायत?" सासूबाईंनी विचारलं.

असं कुणी विचारत नसावं. दमयंतीताईंनी वही उलटी करून दाखवली. "एकवीस."

"नि पैसे भरणारी?"

"ती या वहीत नसतात, आजी."

"मग त्यांच्यासाठी आमची एकवीस थांबतात काय?"

दमयंतीताईंनी मान खाली घातली. "मी फक्त नावं लिहिते हो."

"लिव तर. वेदिका रूपेश. नि दर सोमवारी मी हितं येणार. कितवी झाली ते इचारायला, नि का नाय झाली तेही."

परतीच्या एसटीत मी वेदिकाच्या कपाळाला हात लावून बसले. कपाळ गरम लागत होतं. ताप की खिडकीतलं ऊन, मला ठरवता येईना. आपण दीड महिना निवडला ते बरोबर केलं का, हेही ठरवता येईना. सासूबाईंनी माझा हात बाजूला सारून स्वतःचा ठेवला.

"उनाचं हाय," म्हणाल्या. पण पूर्णगड येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.