शकुन सिस्टरांचा अंगठा

"सत्तर वर्साच्या बुढीची सोनोग्राफी? लोकं काय म्हनतीन!" ऑपरेशन टेबलावर केशरबाईंनी चादर तोंडावर ओढली.

"माय, पोटाची नोहे, गळ्याखालची," शकुन सिस्टर हसल्या. "हाताची नस कुठी हाय थे पायतात म्याडम. मंग हातच तेवढा झोपते."

केशरबाईंचं मनगट मोडलं होतं आणि दमा जुना, म्हणून पूर्ण भूल न देता मी, भूलतज्ज्ञ, फक्त हात बधिर करणार होते. माझ्या एका हातात सोनोग्राफीचा प्रोब, दुसऱ्यात सुई, नजर पडद्यावर. औषधाची सिरिंज सिस्टरांकडे. सुई मज्जातंतूच्या आत शिरली तर औषध जड जातं, आणि तरीही रेटलं तर हात कायमचा लुळा पडू शकतो. हे पडद्यावर दिसेलच असं नाही, सिरिंज दाबणाऱ्या अंगठ्याला मात्र कळतं. नऊ वर्षं मी मशीनपेक्षा सिस्टरांच्या उजव्या अंगठ्यावर जास्त विसंबले. हल्ली त्याचा सांधा सुजलेला दिसे. मेट्रन त्यांना वॉर्डात पाठवायच्या विचारात होत्या. "कायचं दुखते म्याडम!" म्हणून सिस्टर उडवून लावायच्या. ऑपरेशन थिएटर म्हणजे त्यांचा जीव की प्राण, म्हणून मीही ते खोटं खरं मानायची.

"टाका," मी म्हटलं.

औषध गेलं नाही.

"जड जाऊन राहिलं म्याडम."

पडद्यावर सुई अगदी जागेवर दिसत होती. सर्जन घड्याळ बघत होते. मी चिडले. "औषध जड जातंय, की अंगठा दुखतोय?"

सिस्टरांनी मान खाली घातली.

"दुखते म्याडम. लय दुखते. पन हे त्याचं नोहे. सुई मांगं घ्या."

मी सुई जराशी मागे घेतली. औषध सरसर गेलं आणि पडद्यावर मज्जातंतूभोवती त्याचं काळं कडं पसरलं. पडद्याला न दिसलेलं त्या दुखऱ्या अंगठ्यानेच ओळखलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"हा हात कोनाचा वो?" थोड्या वेळाने केशरबाई म्हणाल्या. "माहा नाही वाटत." सगळे हसले. सिस्टर सर्वांत मोठ्याने हसल्या.

दुसऱ्या दिवशी केशरबाईंनी पाचही बोटं हलवून दाखवली आणि आशीर्वाद मला दिला. दुपारी सिस्टर बदलीचा अर्ज घेऊन आल्या.

"कावून जाता सिस्टर?" मीही वऱ्हाडीतच विचारलं. "मी बोलते ना मेट्रनशी."

"नोको म्याडम. काल अंगठ्याले समजलं. उद्या नाही समजलं तं?"

मी अर्ज वाचायला घेतला. नऊ वर्षं औषधांच्या नोंदी मोत्यासारख्या अक्षरात लिहिणाऱ्या बाईचा तो अर्ज मला धड वाचता येईना. त्यांनी तो डाव्या हाताने लिहिला होता.